पुसलेल्या फितींवरची गाणी

१९७३ सालच्या ३ जानेवारीला बीबीसीच्या लंडनमधील स्टुडिओत ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या साप्ताहिक कार्यक्रमासाठी ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी आणि त्याचे साथीदार ‘द जीन जिनी’ हे गाणे वाजवत होते. त्या कार्यक्रमात बहुतेक कलाकार आधीच मुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवत, पण बोवीने हे गाणे त्या दिवशी प्रत्यक्ष गायले. एका कॅमेऱ्यावर जॉन हेन्शल होते. त्यांनी स्वतःचे रुंद कोनाचे भिंग आणले होते, आणि ते लावून घेतलेली दृश्ये साहजिकच त्यांना आपल्या संग्रही हवी होती. म्हणून त्यांनी या एका गाण्याची नक्कल दोन इंची चित्रफितीवर करून घेतली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम प्रक्षेपित झाला आणि पुढे कधीतरी बीबीसीकडची मूळ फीत पुसली गेली. हेन्शल यांच्याकडची फीत मात्र ३८ वर्षे तशीच राहिली. ते दृश्य जगात आणखी कोणाकडेच नाही हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. २०११ च्या डिसेंबरात ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ती फीत दाखवली गेली, तेव्हा कुठे जगाला ते गाणे पुन्हा पाहता आले.

दूरचित्रवाणीवरच्या जुन्या पॉप आणि रॉक गाण्यांचा इतिहास चाळताना अशा गोष्टी वारंवार भेटतात. जपून ठेवायचे म्हणून जे ठेवले गेले, ते फार थोडे आहे. बरेचसे वाचले ते कोणीतरी भलत्याच कारणासाठी त्याची नक्कल केली होती म्हणून. ती नक्कल कशावर, कोणत्या यंत्राने आणि किती घाईत झाली, यावर आज आपल्याला काय दिसते आणि काय दिसत नाही हे ठरते. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ १ जानेवारी १९६४ रोजी मँचेस्टरमधील एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओतून सुरू झाला आणि २००६ पर्यंत चालला. साठच्या दशकातले त्याचे संपूर्ण भाग मात्र बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

हे भाग पुसले का, असा प्रश्न पडला की बहुतेकजण बीबीसीच्या नावाने बोटे मोडतात. त्यात तथ्य आहे, पण निम्मे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. चुंबकीय फितीवर संदेश उमटवणाऱ्या हेडला एक अतिसूक्ष्म फट असते, आणि फीत तिच्यासमोरून जितक्या वेगाने सरकते तितकी जलद कंपने तिच्यावर उमटू शकतात. माणसाच्या कानाला ऐकू येणारा आवाज सेकंदाला २०,००० कंपनांच्या आत बसतो, त्यामुळे ध्वनिमुद्रणासाठी फीत संथपणे फिरली तरी चालते. चित्राचे तसे नाही. ब्रिटनमधल्या त्या काळच्या, ४०५ आडव्या रेषांनी बनणाऱ्या चित्रालाही सेकंदाला सुमारे ३० लाख कंपने लागत.

बीबीसीच्या अभियंत्यांनी यावर सरळसोट उपाय काढला, तो म्हणजे फीतच पळवायची. १९५८ मध्ये प्रेक्षकांना दाखवलेल्या त्यांच्या ‘व्हेरा’ या यंत्रात फीत सेकंदाला २०० इंच, म्हणजे पाच मीटरहून थोडी अधिक, धावत असे. फिरक्या साडेवीस इंच व्यासाच्या होत्या, तरी एका फिरकीत जेमतेम पाव तासाचा कार्यक्रम मावे. एवढी जड फिरकी त्या वेगाने फिरत असताना फीत तुटली तर खोलीत काय होत असेल, याची कल्पना केलेली बरी.

अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने दोन वर्षे आधीच, १९५६ मध्ये, वेगळी युक्ती लढवली होती. भिंत रंगवणारा रंगारी स्वतः सावकाश पुढे सरकतो, पण त्याचा ब्रश भराभर वर-खाली फिरत असतो. अँपेक्सच्या यंत्रात दोन इंच रुंदीची फीत सेकंदाला अवघी ३८ सेंटिमीटर सरके आणि चार हेड बसवलेली लहानशी चकती तिच्यावर आडवी फिरे. अमेरिकेत ही चकती मिनिटाला १४,४०० फेऱ्या घेत असे, तर ब्रिटनमध्ये १५,०००. त्यामुळे फीत संथ चालली तरी हेड आणि फीत यांच्यातला सापेक्ष वेग ताशी जवळपास १५० किलोमीटर होई. हेड फितीवर नीट टेकावे म्हणून फितीला हवेच्या पोकळीने ओढून किंचित बाक दिलेला असे. चकती चालू झाली की खोलीत तीक्ष्ण, चिरका आवाज घुमत राही.

अशा यंत्राची किंमत सुरुवातीला ५०,००० डॉलरच्या घरात होती आणि तासाभराच्या कोऱ्या फितीला सुमारे ३०० डॉलर पडत. एवढी महागडी फीत एका गुरुवारच्या गाण्यांसाठी अडकवून ठेवणे कोणत्याही हिशेबनिसाला पटण्यासारखे नव्हते. शाळेतली पाटी जशी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वापरायची, तशीच फीतही वापरली जाई. शिवाय कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर बंधने होती. १५ नोव्हेंबर १९६९ पासून बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत झाल्यावर कृष्णधवल फितींना कोणी विचारेना. जुने कार्यक्रम पद्धतशीरपणे जपण्याचे धोरण तिथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आले, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

पुसण्याची क्रियाही समजून घेण्याजोगी आहे. फितीवरचा लोहसंयुगाचा लेप म्हणजे असंख्य सूक्ष्म चुंबकांचा थर असतो आणि त्यांची दिशा हीच चित्राची नोंद असते. फिरकी एका जोरकस, सतत उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात धरून हळूहळू दूर नेली की हे चुंबक वाटेल त्या दिशांना वळतात. कागदावर खोडरबर फिरवल्यावर पेन्सिलीचा दाब मागे राहतो, तसे इथे काहीच राहत नाही. म्हणून पुसलेल्या फितीत गाणी शोधण्यात अर्थ नसतो. ती दुसरीकडे कुठे उतरली होती का, हे शोधावे लागते.

असे दुसरे ठिकाण बहुधा फिल्मचे असे. चित्रफीत परदेशी विकायची तर तिकडची यंत्रे आणि रेषांची संख्या वेगळी, म्हणून बीबीसी एका सपाट पडद्यासमोर १६ मिमीचा फिल्म कॅमेरा ठेवून कार्यक्रम फिल्मवर उतरवून घेई. ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा मालिका परदेशी विकली जात होती, ‘टॉप ऑफ द पॉप्स’ सहसा नाही. १९६५ च्या मे महिन्यात ‘डॉक्टर हू’च्या एका भागात काळ पाहू शकणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर बीटल्स ‘टिकट टू राइड’ गाताना दिसतात, आणि भविष्यातून आलेली मुलगी ते पाहून ‘हे लोक अभिजात संगीत वाजवत असत, हे मला माहीत नव्हते,’ असे म्हणते. ती थोडक्या सेकंदांची चित्रे ‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या एप्रिलमधील चित्रीकरणातून घेतलेली होती. मूळ कार्यक्रम पुसला गेला, ‘डॉक्टर हू’ची फिल्म उरली, आणि बीटल्सचे तेवढे गाणे एका विनोदाच्या आधाराने वाचले.

पण फिल्मवर उतरलेले चित्र म्हणजे प्रेक्षकांनी त्या रात्री पाहिलेले चित्र नव्हे. ब्रिटनमधली दूरचित्रवाणी आधी विषम क्रमांकाच्या रेषा रंगवी, मग सम क्रमांकाच्या, आणि अशी अर्धी चित्रे सेकंदाला ५० दाखवी. त्यामुळे गिटारवर फिरणारा हात सेकंदातल्या ५० निरनिराळ्या क्षणी दिसे. फिल्म मात्र सेकंदाला २५ चौकटींची. काही यंत्रांत पुढची चौकट ओढून आणायला लागणाऱ्या वेळात एक अर्धे चित्र चक्क सोडून दिले जाई, म्हणजे निम्म्या रेषाही गेल्या आणि निम्मी हालचालही. जुन्या कृष्णधवल गाण्यांत ढोल वाजवणारा जरा अडखळत, जणू चित्रपटातला असावा तसा दिसतो, त्याचे कारण हे आहे. आता संगणक लागोपाठच्या दोन चौकटींतली हालचाल मोजून मधल्या क्षणाची चित्रे तयार करतो आणि तो जुना ओघ बराचसा परत आणतो. ती मधली चित्रे अनुमानाने बनवलेली असतात हे खरे, पण त्यांचे दोन्ही काठ अस्सल असल्याने मला ती पटतात. चेहऱ्यावर नसलेली कातडीची रंध्रे आणि केसांच्या बटा रेखाटणाऱ्या आजकालच्या तंत्राबद्दल असे म्हणता येत नाही. तिथे गायक तोच राहतो, पण त्याचा चेहरा यंत्राचा होतो.

फिल्मवरच्या नकलांतली सर्वांत विलक्षण गोष्ट रंगांची आहे. ब्रिटनच्या रंगीत पद्धतीत रंगाची माहिती सेकंदाला सुमारे ४४ लाख कंपनांच्या एका लहरीवर स्वार करून कृष्णधवल चित्रातच मिसळलेली असे. ही लहर गाळून न टाकता रंगीत कार्यक्रम कृष्णधवल पडद्यावर दाखवला, तर चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. फिल्मवर नक्कल करताना ती गाळणी लावायची असा संकेत होता, पण काही वेळा ती लावायची राहून गेली. त्या काळी ही निव्वळ चूक होती. पुढे बीबीसीतल्या जेम्स इन्सेल यांच्या लक्षात आले की हे ठिपके म्हणजे घाण नसून रंगाची नोंदच आहे. ठिपका किती ठळक आहे यावरून रंग किती गडद ते कळते आणि तो नेमका कुठे पडला आहे यावरून रंगाची छटा कळते.

तत्त्व सोपे असले तरी काम अत्यंत किचकट होते. एका रेषेत या लहरीची २८३ हून अधिक आवर्तने असतात. फिल्म काळाच्या ओघात आक्रसलेली असते, पडद्याच्या कडा वाकलेल्या असतात, आणि एका ठिपक्याची जागा किंचित जरी चुकली तरी लाल जाकीट हिरवे होऊ शकते. त्यातून, छटा ठरवण्यासाठी लागणारी संदर्भखूण मूळ संदेशात चित्राच्या चौकटीबाहेर असे, म्हणून ती फिल्मवर आलेलीच नसते. रिचर्ड रसेल यांनी लिहिलेल्या संगणक-प्रणालीने आधी चित्राची प्रत्येक रेष सरळ करून ताणली, मग ठिपक्यांच्या परस्परसंबंधांवरून ती हरवलेली खूण हुडकली. १३ डिसेंबर २००८ रोजी बीबीसीने ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचा एक भाग अशा रीतीने पुन्हा रंगीत करून दाखवला. त्यातले रंग कोणी कल्पनेने भरलेले नव्हते. ते त्या कृष्णधवल फिल्मवर पूर्वीपासूनच होते. गाळणी विसरलेल्या त्या अनाम तंत्रज्ञाचे आभार मानावेत की त्याला रागवावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

फिल्मही नसेल, तर मदार प्रेक्षकांवर येते. १६ जून १९६६ रोजी बीटल्स स्वतः ‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या स्टुडिओत आले होते. तो कार्यक्रम गेला, पण एका प्रेक्षकाने घरच्या ८ मिमी कॅमेऱ्याने समोरच्या दूरचित्रवाणी संचाचेच चित्रण केले होते, आणि त्याचे तुकडे २०१९ मध्ये उजेडात आले. अशा चित्रणात पडद्यावरून काळे पट्टे सरकताना दिसतात, कारण कॅमेऱ्याची झडप आणि पडद्याची सेकंदाला ५० ची लय यांचा मेळ बसत नाही. आवाज तर नसतोच. बीटल्स त्या दिवशी मुद्रित गाण्यावर ओठ हलवत होते, हे इथे पथ्यावर पडले, कारण ध्वनिमुद्रिकेवरचा आवाज घेऊन तो चित्राशी जुळवता येतो. बोवीच्या प्रत्यक्ष गायनाच्या बाबतीत हे शक्य झाले नसते. ती फीत गेली असती तर त्या दिवशीचा आवाजही गेला असता.

फीत न पुसता राहिली तरी तिला हवेपासून सुटका नसते. सत्तरीच्या दशकापासूनच्या अनेक फितींमध्ये चुंबकीय कणांना धरून ठेवणारे पॉलियुरेथेनचे बंधक द्रव्य हवेतला दमटपणा शोषून घेऊन विघटित होते आणि फीत चिकट बनते. ती यंत्रावर लावली की हेडवर तपकिरी गाळ बसतो आणि फीत करकरत थांबते. यावरचा उपाय ऐकायला चमत्कारिक वाटतो: फीत सुमारे ५० अंश सेल्सियसला तासन्‌तास मंद भाजायची. त्याने पाणी निघून जाते आणि काही आठवडे फीत चालवण्याजोगी राहते. तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यावी लागते. कोकणात किंवा मुंबईत ज्यांच्या कपाटातल्या कॅसेटींवर पावसाळ्यानंतर पांढरी बुरशी चढलेली असते, त्यांना दमट हवा फितीचे काय करते हे निराळे सांगायला नको.

बोवीशी नकळत जोडलेली आणखी एक हरवलेली फीत आहे, आणि तिचा धागा आपल्या पाचगणीपर्यंत येतो. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा मुलगा शिकत होता. शाळेतच ‘द हेक्टिक्स’ नावाच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवू लागला, आणि पुढे इंग्लंडला गेल्यावर फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये बोवीच्या गाण्याची जागा ऐनवेळी रिकामी झाली आणि फ्रेडीच्या ‘क्वीन’ या वाद्यवृंदाला बोलावणे आले. २१ फेब्रुवारीला त्यांचे ‘सेव्हन सीज ऑफ राय’ प्रक्षेपित झाले. घरी दूरचित्रवाणी संच नसल्याने फ्रेडीने ते ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या काचेआडून पाहिले, असे सांगितले जाते. बीबीसीची ती फीत पुढे पुसली गेली. काही वर्षांपूर्वी एका खासगी संग्राहकाकडे त्या प्रक्षेपणाचे घरच्या यंत्रावर केलेले मुद्रण सापडले. फिरकी मोडकळीला आलेली होती आणि चित्रही जागोजागी फाटलेले होते, पण त्यात फ्रेडी गाताना दिसतो.