स्वसंरक्षणाच्या पिस्तुलासाठी कॅलिबरची निवड

कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचा, आणि पर्यायाने तिच्यातून सुटणाऱ्या गोळीचा व्यास. तो मिलिमीटरमध्ये किंवा इंचाच्या दशांश अपूर्णांकात सांगतात. व्यवहारात मात्र ‘कॅलिबर’ हा शब्द सबंध काडतुसासाठी वापरला जातो आणि निवड करायची असते तीही काडतुसाचीच. नुसत्या आकड्यावर विसंबले तर फसगत होते. .३८ स्पेशलच्या गोळीचा खरा व्यास .३५७ इंच, म्हणजे .३५७ मॅग्नमइतकाच असतो. .३८० एसीपीला ‘९ मिमी शॉर्ट’ असेही नाव आहे, पण ते आणि ९×१९ मिमी (ज्याला नुसते ‘९ मिमी’ म्हणतात) ही काडतुसे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

पिस्तुलाची गोळी साधारणपणे सेकंदाला २५० ते ४०० मीटर वेगाने जाते. या वेगाला शरीरातील बहुतेक ऊती ताणल्या जातात आणि पुन्हा जागेवर येतात. कायमची इजा होते ती गोळीच्या प्रत्यक्ष वाटेवरच. म्हणून गोळी कुठे लागली हे सर्वांत महत्त्वाचे, त्यानंतर ती पुरेशी खोल गेली का, आणि मग तिची रुंदी. ‘मोठ्या गोळीने माणूस उडून पडतो’ ही समजूत निव्वळ चुकीची आहे. तेवढा जोर गोळीत असता, तर झाडणाराही तितक्याच जोराने मागे फेकला गेला असता.

मोठी गोळी की छोटी, या वादाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. फिलिपिन्समधील लढायांत अमेरिकी सैन्याला .३८ लाँग कोल्ट हे काडतूस अपुरे वाटले. १९०४ च्या थॉम्पसन–लागार्ड चाचण्यांनंतर .४५ ची शिफारस झाली, आणि १९११ साली शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगचे .४५ एसीपी पिस्तूल सैन्यात आले. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या आठ एजंटांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. ९ मिमीची एक गोळी एका हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली. तो लढत राहिला. दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. त्यातून एफबीआयची आजही प्रमाण मानली जाणारी कसोटी निघाली : मांसाऐवजी वापरल्या जाणाऱ्या दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच गेली पाहिजे, आणि जाड कपडे, प्लायवूड, पत्रा, गाडीची काच असे अडथळे पार करूनही. एफबीआयने आधी स्वीकारलेले १० मिमी आणि मग १९९० मध्ये आलेले .४० एस अँड डब्ल्यू हे याच धांडोळ्याचे फळ. गोळ्यांची रचना सुधारल्यावर मात्र २०१० च्या दशकात एफबीआय पुन्हा ९ मिमीकडे वळली.

तेच आज बहुतेकांसाठी योग्य उत्तर आहे. १२४ ग्रेनची (सुमारे ८ ग्रॅम) ९ मिमी गोळी आणि २३० ग्रेनची (सुमारे १५ ग्रॅम) .४५ ची गोळी, दोघींची ऊर्जा ५०० जूलच्या आसपास भरते. .४५ ची पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरून उमलल्यावर (पसरल्यावर) काही मिलिमीटर अधिक रुंद होते, हे खरे. त्याची किंमत जादा धक्का आणि मॅगझिनमधल्या कमी गोळ्यांनी मोजावी लागते. .४० चा धक्का तीक्ष्ण असतो. लहान पिस्तुलात तर दुसरी गोळी नेमकी मारणे सरावलेल्या हातालाही जड जाते.

कपड्याखाली बाळगायचे शस्त्र लहान असते, आणि लहान नळीत वेग घटतो : ९ मिमीमध्ये दर इंचामागे साधारण १० ते १५ मीटर. .३५७ मॅग्नममध्ये ही घट बरीच मोठी. दोन इंची नळीच्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम घालणे म्हणजे कानठळ्या, डोळे दिपवणारा जाळ आणि हाताला मार, एवढेच पदरात पडते. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलची १४८ ग्रेनची सपाट तोंडाची वॉडकटर गोळी धक्का कमी देते आणि पुरेशी खोलही जाते.

.३८० मध्ये पेच असा, की पोकळ टोकाची गोळी उमलली तर बहुधा १२ इंच गाठत नाही, आणि कापडाचे धागे टोकात अडकून ती उमललीच नाही तर गाठते. इथे खोलीलाच प्राधान्य द्यावे. शिवाय .३८० हाताला सोपे, हे गृहीत धरू नये : साध्या ब्लोबॅक रचनेच्या (नळी लॉक न होणाऱ्या) पिस्तुलांची स्प्रिंग इतकी कडक असते, की कमकुवत बोटांना लॉक होणाऱ्या नळीच्या ९ मिमीची स्लाइड (पिस्तुलाचा मागे सरकणारा वरचा भाग) ओढणे जास्त सोपे वाटते. .२२ चा धक्का नगण्य. पण त्याचे स्फोटक मिश्रण पितळी केसच्या कडेत भरलेले असते, ते सगळीकडे सारखे पसरले नसेल तर काडतूस फुसके निघते. संधिवाताने हात धरलेल्या माणसाला तरीही .२२ चे रिव्हॉल्व्हर योग्य ठरू शकते, कारण फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते.

दोन कॅलिबरमध्ये मन ठरत नसेल तर चांदमारीवर घड्याळ लावावे. सात मीटरवर २० सेंटिमीटरच्या वर्तुळात पाच गोळ्या, आधी दोन्ही हातांनी, मग एका हाताने. ज्या काडतुसाने पाचही गोळ्या आत राहून वेळ कमी लागतो, ते आपले. सरावाच्या गोळ्यांवर हा निकाल लावू नये. बाळगायची तीच गोळी निदान शंभर-दोनशे वेळा झाडून पाहावी. पकड सैल असेल तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी केस बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. पोकळ टोक रॅम्पवर, म्हणजे काडतूस नळीकडे नेणाऱ्या उतारावर, अडखळणे हा दुसरा नेहमीचा दोष. काही देशांत लष्करी कॅलिबर किंवा पोकळ टोकाच्या गोळ्या नागरिकांना निषिद्ध आहेत, तेव्हा परवान्याची अट खरेदीआधी वाचावी. पूर्ण धातूवेष्टित गोळी शरीर किंवा आतली भिंत सहज पार करते आणि मागच्या माणसाला लागू शकते. म्हणून कायदा आड येत नसेल तर ९ मिमी आणि त्यावरच्या कॅलिबरात पोकळ टोकच घ्यावे.

रोज पिस्तूल रिकामे करून तेच वरचे काडतूस पुन्हा चेंबरमध्ये (नळीमागच्या काडतुसाच्या जागेत) घातले, की गोळी हळूहळू केसमध्ये दबत जाते. आतली जागा कमी झाल्याने दाब वाढतो; .४० मध्ये हा धोका विशेष. नव्या काडतुसाशेजारी ते सपाट टेबलावर उभे करून पाहावे, नखभरही बुटके दिसले तर बाजूला काढावे आणि पुन्हा झाडू नये. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये याच्या उलट घडते : धक्क्याने बाकीच्या काडतुसांतील गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. चार गोळ्या झाडून पाचवे काडतूस काढावे आणि त्याची लांबी न झाडलेल्या काडतुसाशी ताडून पाहावी. फरक दिसला तर ते काडतूस त्या शस्त्रासाठी बाद.