गच्चीवरचा गुरू आणि त्यामागची पावणेदोनशे वर्षं

आज ८ इंची दुर्बीण आणि बोटभर कॅमेरा घेऊन गच्चीवरून काढलेल्या गुरूच्या फोटोत लाल डाग, पट्टे, पट्ट्यांतले भोवरे सगळं दिसतं. फिल्मच्या जमान्यात मोठमोठ्या वेधशाळांनाही एवढं क्वचितच मिळायचं. लोक म्हणतात कॅमेरे सुधारले म्हणून, पण ते अर्धंच खरंय. खरी भानगड हवेची होती.

सुरुवात तशी फार लवकर झाली. १८४० मध्ये न्यूयॉर्कला जॉन ड्रेपरने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चंद्राचा फोटो काढला, त्यासाठी जवळपास २० मिनिटं एक्सपोजर द्यावं लागलं. मग १८४५ मध्ये पॅरिसला फिझो आणि फूको यांनी सूर्य टिपला, त्यात सूर्यावरचे डागही दिसतात. सूर्याचं उलटंच असतं, उजेड रग्गड, तो आवरायचा कसा हीच डोकेदुखी.

यात आपल्याकडचाही एक भारी किस्सा आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून शिरून जेऊरवरून पुढे वऱ्हाडात गेली. विजयदुर्गला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेब तळ ठोकून होते (हेलियम तिथेच सापडला असं फॉरवर्ड दरवर्षी फिरतं, पण तो १८६८ चा मामला, आणि तेव्हा साहेब इंग्लंडात होते). जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रोफेसर नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. आणि वऱ्हाडातल्या तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची, म्हणजे मुख्यतः हौशी लोकांच्या संस्थेची, टीम आली होती, त्यात अ‍ॅनी मॉन्डर होत्या. लग्न केलं म्हणून या बाईंना ग्रिनिचच्या वेधशाळेतली नोकरी सोडावी लागली होती. त्यांनी जेमतेम दीड इंची लेन्सच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा (खग्रास ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचा) लाखो मैल लांब पसरलेला झोत पकडला, तोवर एवढा लांब झोत कुणाच्याच फोटोत आला नव्हता. माझ्या मते हौशी खगोलछायाचित्रणाची गोष्ट सांगताना तळणीचं नाव आलंच पाहिजे, पण ते फारसं कुणी घेत नाही.

ग्रहांचं मात्र घोडं अडलेलंच राहिलं. विहिरीच्या तळाशी पडलेलं नाणं पाणी हलत असताना जसं दिसतं तसा दुर्बिणीतून ग्रह दिसतो, सारखा थरथरतो, मधेच क्षणभर स्थिर होतो, लगेच परत विरघळतो. डोळा तो एक क्षण पकडतो आणि बाकीचं सोडून देतो. फिल्मला ते जमत नाही, शटर सेकंदभर जरी उघडं राहिलं तरी चांगले-वाईट सगळे क्षण एकावर एक छापले जाऊन नुसता गिचका होतो. १९०५ मध्ये लॉवेलच्या वेधशाळेतून मंगळाचे फोटो निघाले तेव्हाही ते एवढेसे आणि एवढे धूसर होते की मंगळावर कालवे आहेत की नाहीत हे भांडण काही मिटलं नाही. म्हणून पुढे कितीतरी दशकं लोक आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावून पेन्सिलीने ग्रहांची चित्रं काढत बसायचे, कारण ती खरोखरच फोटोपेक्षा सरस असायची.

यातली गणिताची बाजू १९७८ मध्ये डेव्हिड फ्राइडने मांडली. हवा क्षणभर शांत असताना अगदी कमी एक्सपोजरची फ्रेम मिळायची शक्यता किती, हे त्याने काढून दाखवलं. गंमत म्हणजे दुर्बीण जितकी मोठी तितकी अशी नशीबवान फ्रेम दुर्मिळ, म्हणजे ही युक्ती मुळातच लहान दुर्बिणवाल्यांच्या सोयीची! फक्त भराभर फ्रेमा काढणारं स्वस्त यंत्र हवं होतं.

ते आलं व्हिडिओ चॅटच्या कृपेने. २००० नंतर फिलिप्सचा टूकॅम नावाचा वेबकॅम हौशी लोकांत तुफान चालला, रेझोल्यूशन फक्त ६४० बाय ४८०. लोक त्याची पुढची लेन्स काढून टाकायचे आणि तिथे फोटोच्या रोलची काळी प्लास्टिकची डबी बसवायचे, कारण ती सव्वा इंची आयपीसच्या जागेत जवळजवळ फिट्ट बसते. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या कोर बेरेव्हूट्सने रेजिस्टॅक्स हे सॉफ्टवेअर चक्क फुकट दिलं. ते व्हिडिओतल्या फ्रेमा लावून बघतं, बऱ्या तेवढ्या ठेवतं, एकावर एक रचतं. ४०० फ्रेमा रचल्या की नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, विसाव्या हिश्शावर येतो, मग शार्पनिंग बरंच ताणलं तरी फोटो फाटत नाही. थोडक्यात डोळा जे करायचा तेच, फक्त न विसरता.

मग शोधही लागायला लागले. २००६ मध्ये फिलिपिन्समधल्या सेबूच्या ख्रिस्तोफर गो यांना दिसलं की गुरूवरचं पांढरं वादळ लाल झालंय. १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्लीला गुरूच्या ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला, काहीतरी आदळलं होतं, आणि त्यानंतर हबल दुर्बीण तिकडे वळवली गेली. २०२१ मध्ये पुण्यातल्या १६ वर्षांच्या मुलाने ५० हजारांवर फ्रेमा रचून केलेला चंद्र व्हायरल झाला, तोही याच वाटेने.

सूर्याकडे लोक जरा उशिरा वळले, कारण हायड्रोजन-अल्फाचे, म्हणजे हायड्रोजनचा ठरावीक लाल उजेड तेवढाच आत सोडणारे, फिल्टर परवडायचे नाहीत. २००४ मध्ये कोरोनाडोची ४० मिलिमीटरची छोटी सौरदुर्बीण आली आणि सूर्यावरच्या ज्वाळा घरबसल्या दिसायला लागल्या. अलीकडे तर ख्रिस्तियाँ ब्यूल यांच्या सोलेक्स नावाच्या सूर्याचे फोटो काढायच्या यंत्राचे भाग लोक थ्रीडी प्रिंटरवर छापून घरी जोडतात. त्यात सूर्याची एकेक उभी चीर वर्णपटातून टिपायची आणि सगळ्या चिरा शेजारी शेजारी लावून अख्खा सूर्य उभा करायचा. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेलने १८९० च्या दशकात हीच पद्धत वापरली होती, तेव्हा ते वेधशाळेचं काम होतं.