अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमधील फिजिओथेरपी

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा पाठीच्या कण्याचा दाहक संधिवात. त्यातील वेदना व ताठरपणा आटोक्यात ठेवण्यासाठी आणि कणा होईल तितका सरळ व हलता राखण्यासाठी फिजिओथेरपी दिली जाते. ती औषधांच्या जोडीने चालते; औषध उत्तम लागू पडले तरी व्यायाम सुटत नाही.

हा विकार बहुधा ऐन तारुण्यात, चाळिशीच्या आत सुरू होतो. दाह आधी कमरेच्या तळाशी, माकडहाडाच्या वरच्या सांध्यांत येतो व तिथून वर चढतो. दाहाच्या जागी पुढे नवे हाड धरते, मणके एकमेकांना सांधले जातात आणि एक्स-रेत कणा पेरे असलेल्या बांबूसारखा दिसू लागतो. दुखण्याची तऱ्हा नेहमीच्या कंबरदुखीच्या उलट असते. उत्तररात्री दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ पाठ आखडलेली राहते आणि चालू-फिरू लागले की मोकळी होते. ‘कंबर दुखतेय ना, मग पडून राहा’ हा घरच्यांचा मायेचा सल्ला म्हणूनच इथे नुकसान करतो.

कणा किती ताठरला आहे याची तपासणी साध्या टेपने होते. रुग्णाला टाचा व पाठ भिंतीला टेकवून उभे करतात आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागतो का ते पाहतात. लागत नसेल तर मधले अंतर मोजून लिहून ठेवतात. शोबर चाचणीत कमरेवर १० सेंमी अंतराने दोन खुणा करून रुग्णाला पुढे वाकवतात. निरोगी माणसात हे अंतर सुमारे १५ सेंमी होते. ताठरलेल्या कमरेत ते जेमतेम वाढते.

व्यायामाआधी गरम पाण्याने अंघोळ केली की पाठ सैल पडते. मग कणा ताणण्याचे व्यायाम, मान व खांदे फिरवणे, आणि बरगड्यांचे सांधेही धरत असल्याने छाती भरून दीर्घ श्वास घेणे. रोज १५-२० मिनिटे पालथे पडून राहणे दिसायला क्षुल्लक, पण फार मोलाचे. पुढे वाकत जाणाऱ्या कण्याला व आखडणाऱ्या खुब्यांना ते उलट दिशेने ताणते. उशी पातळ हवी. पोहणे मानवते. घरी एकट्याने केलेला व्यायाम मुळीच न करण्यापेक्षा बरा आणि देखरेखीखालचा गटातला त्याहून सरस, असे २००८ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षांत) दिसले. शेक व मालीश यांनी तात्पुरते बरे वाटते, पण व्यायामाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

सांधलेला कणा कडक असतो तितकाच ठिसूळही असतो आणि किरकोळ पडण्यानेही मोडू शकतो. अशा रुग्णात मणक्यांना झटके देऊन उपचार करू नयेत, अशी ठाम शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये केली. केशकर्तनालयात दाढीनंतर कडकन मान मोडून घेण्याची आपल्याकडची सवयही या रुग्णांनी सोडलीच पाहिजे.