सह्याद्रीचा जन्म १९७२ चा नव्हे

‘सह्याद्री वाहिनी २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाली’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे. त्या दिवशी सुरू झाले ते वरळीचे मुंबई दूरदर्शन केंद्र, आणि तेही आकाशवाणीचा भाग म्हणून; दूरदर्शन हे स्वतंत्र खाते १ एप्रिल १९७६ रोजी झाले. ते केंद्र निव्वळ मराठीही नव्हते: एकाच कृष्णधवल पडद्यावर ‘आमची माती, आमची माणसं’ दिसे, तसेच गुजराती ‘आवो मारी साथे’ही. १९८२ पासून रात्रीचा वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने व्यापला. संपूर्ण मराठी उपग्रह वाहिनी नव्वदच्या दशकात आली, १९९७ मध्ये प्रसार भारती या स्वायत्त प्रसारण महामंडळाच्या छत्राखाली गेली. ‘सह्याद्री’ हे नाव तर त्याहूनही नंतरचे.