थोरले कोइवू, धाकटे कोइवू

फिनलंडच्या तुर्कू शहरातला आइस हॉकी खेळणारा मुलगा. आडनाव कोइवू, जागा सेंटरची, डावखुरी स्टिक. तयार झाला तो तिथल्याच टीपीएस क्लबमध्ये. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये हजाराहून जास्त सामने खेळला, एकाच संघाची कॅप्टनकी वर्षानुवर्षं सांभाळली, लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली कप मात्र हाताला लागला नाही. फिनलंडकडून खेळताना अंतिम सामन्यात स्वीडनला हरवून जगज्जेतेपद मिळवलं.

या वर्णनातला शब्दन् शब्द खरा आहे. पण तो दोन माणसांना लागू पडतो. साकू कोइवू जन्मला २३ नोव्हेंबर १९७४ ला आणि मिक्को कोइवू १२ मार्च १९८३ ला. दोघे सख्खे भाऊ, वयात आठ वर्षांहून थोडं जास्त अंतर. एका नावाची दोन मोठी माणसं झाली की आपण थोरले-धाकटे म्हणून त्यांना वेगळं करतो. इथंही तेच करावं लागतं, कारण जुन्या बातम्यांत नुसतं ‘कोइवू’ लिहिलेलं असतं आणि एकाचं पदक दुसऱ्याच्या गळ्यात जाऊन पडतं. (फिनिश भाषेत कोइवू म्हणजे भूर्जवृक्ष. आपल्या पोथ्या ज्या सालीवर लिहिल्या गेल्या, त्याच कुळातलं झाड.)

ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे उंची. थोरला साकू जेमतेम पाच फूट दहा इंच, धाकटा मिक्को सहा फूट तीन इंच. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या लाल जर्सीत ११ नंबर दिसला तर तो साकू. मिनेसोटा वाइल्डच्या गडद हिरव्या जर्सीत ९ नंबर दिसला तर मिक्को. साकूची शेवटची पाच वर्षं अ‍ॅनाहाइम डक्सकडे गेली, तिथंही नंबर ११ च.

उंचीतला हा फरक नुसता फोटोपुरता नाही, दोघांचा खेळच त्यामुळे वेगळा झाला. आइस हॉकीत एका वेळी गोलकीपर सोडून पाच जण बर्फावर असतात आणि त्यांच्यातला सेंटर हा संघाचा कणा. खेळ सुरू होतो फेसऑफने: पंच दोन सेंटरच्या मधोमध चकती टाकतो आणि दोघं ती स्टिकने आपल्याकडे ओढायला झगडतात. साकू अशा ठिकाणी अंगानं कमी पडायचा, म्हणून तो चपळाईवर जगला. धिप्पाड बचावपटूंच्या काखेखालून निसटायचा, चकती पायाशी खेळवत मागं वळायचा आणि पास अशा जागी सोडायचा जिथं आपला माणूस अजून पोचलेला नसे. मिक्कोकडे लांब हात आणि रुंद खांदे. तो चकती अंगाआड धरून उभा राहिला की समोरच्याला त्याच्याभोवती नुसतं फिरत बसावं लागे. आपल्या गोलासमोरचा फेसऑफ, एक माणूस कमी असताना करायचा बचाव, शेवटच्या मिनिटातली एका गोलाची आघाडी, ही कामं प्रशिक्षक डोळे मिटून त्याच्यावर सोपवायचे. बचावात उत्तम असणाऱ्या फॉरवर्डला दिल्या जाणाऱ्या सेल्की ट्रॉफीसाठी २०१७ मध्ये अंतिम तिघांत त्याचं नाव होतं.

गंमत अशी की आकडे तरीही शेजारी-शेजारीच येतात. साकूने २००२-०३ मध्ये ७१ गुण केले, मिक्कोने २००९-१० मध्ये ७१. गुण म्हणजे गोल आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला पास देऊन केलेली मदत) मिळून. मिक्कोचा तो सर्वोत्तम हंगाम ठरला, साकूने पुढे २००६-०७ मध्ये ७५ पर्यंत मजल मारली. एनएचएलच्या नियमित हंगामांची एकूण बेरीज अशी: साकू ११२४ सामने, २५५ गोल, ८३२ गुण, मिक्को १०३५ सामने, २०६ गोल, ७११ गुण. दोघांचेही असिस्ट गोलांच्या दुपटीहून जास्त. म्हणजे दोघंही आधी पास देणारे.

आता सुवर्णपदकांचा घोळ, कारण तिथं सगळ्यात जास्त चुका होतात.

फिनलंडने पहिलं जगज्जेतेपद १९९५ मध्ये मिळवलं, तेही स्टॉकहोममध्ये, यजमान स्वीडनला ४-१ ने हरवून. साकू तेव्हा वीस वर्षांचा. एका बाजूला विले पेल्टोनेन, दुसऱ्या बाजूला येरे लेह्तिनेन आणि मध्ये साकू, अशी ती फळी. फिनिश लोकांनी तिला डोनाल्ड डकच्या तीन पुतण्यांची फिनिश नावं दिली, टुपू, हुपू आणि लुपू. अंतिम सामन्याच्या पहिल्याच सत्रात पेल्टोनेनने तीन गोल मारले. स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात फॉरवर्डच्या तिन्ही जागा या तिघांनाच मिळाल्या. पण त्या संघाचा कॅप्टन साकू नव्हता, टिमो युतिला होता.

कॅप्टन म्हणून सुवर्णपदक घेणारा कोइवू म्हणजे धाकटा, १५ मे २०११, ब्रातिस्लाव्हा. समोर पुन्हा स्वीडन. पहिला गोल स्वीडनचा. दुसरं सत्र संपायला सात सेकंद उरले असताना यार्को इमोनेनने बरोबरी साधली, तिसऱ्या सत्रात फिनलंडने पाच गोल चढवले आणि सामना ६-१ असा संपला. सोळा वर्षांनी आलेलं हे दुसरं जगज्जेतेपद.

थोरल्याच्या कॅप्टनकीत फिनलंड सुवर्णाच्या सगळ्यात जवळ पोचलं ते २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये. अंतिम फेरीपर्यंत फिनलंडने एकही सामना गमावला नव्हता. साकू आणि टेमू सेलाने दोघांचे प्रत्येकी ११ गुण, स्पर्धेत सर्वाधिक. स्वीडनविरुद्ध दोन सत्रांनंतर २-२ अशी बरोबरी. तिसरं सत्र सुरू होऊन दहा सेकंद होतात न होतात तोच निक्लास लिडस्ट्रॉमचा फटका जाळ्यात. पुढची जवळजवळ वीस मिनिटं फिनलंड झुंजलं, पण गोल झाला नाही. त्या संघात मिक्कोही होता, बावीस वर्षांचा. म्हणजे तुरिनचं रौप्य दोघांचं, आणि २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकचं कांस्यही दोघांचं. १९९४ आणि १९९८ ची ऑलिंपिक कांस्यपदकं मात्र एकट्या साकूची. २०१४ च्या सोची ऑलिंपिकच्या कांस्यपदकाशी कुणाचाच संबंध नाही. साकूने आधीच माघार घेतली होती आणि मिक्कोचा घोटा दुखावला होता.

माझ्या मते खरा फरक क्लबच्या कॅप्टनकीत आहे. छातीवरचं ‘सी’ हे अक्षर दोघांच्याही जर्सीवर होतं, पण त्याचं वजन अगदी वेगळं होतं.

मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा १९०९ पासूनचा क्लब, २४ स्टॅन्ली कप जिंकलेला. त्यातला शेवटचा १९९३ च्या जूनमध्ये आला आणि त्याच महिन्यात एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथं, क्लबने पहिल्या फेरीत, २१ व्या क्रमांकावर साकूची निवड केली. तो १९९५ मध्ये तिथं पोचला तेव्हा उतरता काळ सुरू होत होता. १९९६-९७ मध्ये त्याने ५० सामन्यांत ५६ गुण केले, पण गुडघ्याच्या दुखापतीने हंगाम मोडला. निरोगी अंगाने सलग खेळायला मिळालं असतं तर तो कुठवर गेला असता, हा विचार मला त्या आकड्यांकडे पाहताना दरवेळी छळतो. १९९९ मध्ये तो कॅनेडियन्सच्या इतिहासातला पहिला युरोपीय कॅप्टन झाला आणि २००९ पर्यंत राहिला, म्हणजे क्लबचा जुना दिग्गज कॅप्टन ज्याँ बेलिव्होइतकाच दीर्घकाळ. शहर फ्रेंच बोलणारं आणि हॉकी हा तिथला धर्म. कॅप्टनला फ्रेंच येत नाही म्हणून त्याच्यावर जाहीर टीका झाली. हे त्याने दहा वर्षं सोसलं.

आणि मध्ये आलं २००१. सप्टेंबरमध्ये फिनलंडहून मॉन्ट्रियलला परतताना त्याच्या पोटात कळा येत होत्या. काही दिवसांतच निदान झालं, नॉन-हॉजकिन्स लिम्फोमा, पोटातला कर्करोग. वय २६. हंगाम गेला असंच सगळे धरून चालले होते. केमोथेरपीचे महिने काढून ९ एप्रिल २००२ ला, ओटावाविरुद्ध, तो मोल्सन सेंटरच्या बर्फावर उतरला. डोक्यावर हेल्मेट, स्टिक दोन्ही हातांत आडवी, आणि सगळं स्टेडियम उभं. टाळ्या थांबेनात. सामना सुरूच होईना. पंचही वाट पाहत थांबले. साकू मान हलवतो, हात वर करतो, पुन्हा खाली पाहतो, आणि आवाज आणखी वाढतो. जवळजवळ आठ मिनिटं हे चाललं. मी ते चित्रीकरण कितीदा पाहिलं असेल, पण तो हात वर करतो त्या क्षणी अजूनही घसा दाटतो. त्यानंतरच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे स्टॅन्ली कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, कॅनेडियन्सने बोस्टनला हरवलं आणि साकूने १२ सामन्यांत १० गुण केले. वर ज्या ७१ गुणांचा उल्लेख केला ते लगेचच्या हंगामातले.

तपासणीच्या काळात पेट स्कॅनसाठी त्याला मॉन्ट्रियल सोडून शेर्ब्रूकला जावं लागलं होतं. बरा झाल्यावर त्याने प्रतिष्ठान काढून निधी उभा केला आणि मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलला ते यंत्र मिळवून दिलं. चिकाटीसाठीची मास्टरटन ट्रॉफी २००२ ची आणि समाजकार्य व नेतृत्वासाठीची किंग क्लॅन्सी ट्रॉफी २००७ ची, दोन्ही थोरल्याच्या. दोन ट्रॉफींच्या मधल्या २००६ च्या प्लेऑफमध्ये समोरच्याची स्टिक डोळ्याला लागून त्याची दृष्टी अधू झाली होती, तरी तो त्यानंतर आठ हंगाम खेळला.

त्याच २००१ सालच्या जूनमध्ये, भावाच्या आजाराच्या अडीच महिने आधी, मिनेसोटा वाइल्डने मिक्कोला सहाव्या क्रमांकावर निवडलं होतं. म्हणजे निवडीच्या क्रमवारीत धाकटा पुढे. पण तो घाईने गेला नाही. आणखी तीन हंगाम तुर्कूतच खेळला. २००४-०५ मध्ये मालक-खेळाडू वादात एनएचएल बंद पडली, तेव्हा उलटच झालं. थोरला टीपीएसकडून खेळायला तुर्कूत आला आणि धाकटा टेक्सासला ह्यूस्टन एरोजकडे गेला. ‘२००४-०५, कोइवू, टीपीएस’ अशी नोंद दिसली तर ती साकूची आहे, हे ध्यानात ठेवावं.

मिनेसोटात हॉकीचं वेड जुनंच, पण नॉर्थ स्टार्स हा तिथला पहिला एनएचएल संघ १९९३ मध्ये डॅलसला निघून गेला होता. वाइल्ड संघ २००० मध्ये नव्याने उभा राहिला. प्रशिक्षक जाक लेमेर ठरावीक दिवसांनी कॅप्टन बदलत. आज एक, पुढच्या महिन्यात दुसरा. ऑक्टोबर २००९ मध्ये ही पद्धत मोडली आणि मिक्को संघाचा पहिला कायमचा कॅप्टन झाला. थोरल्याला जुना वाडा मिळाला, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी लटकलेल्या. धाकट्याला मोकळा प्लॉट मिळाला आणि पायापासून बांधकाम करावं लागलं. योगायोग असा की साकूने मॉन्ट्रियल सोडलं तेही २००९ मध्येच. एका भावाच्या छातीवरून ‘सी’ उतरला आणि काही महिन्यांत दुसऱ्याच्या छातीवर कायमचा चढला. २००९ च्या बातम्या वाचताना हमखास गोंधळ होतो तो यामुळेच.

वाइल्डकडून मिक्को १०२८ सामने खेळला. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपुढे दोघांपैकी कुणीही कधी गेला नाही. शेवट मात्र वेगळा झाला. साकू २०१४ मध्ये, हंगाम पूर्ण करून थांबला. मिक्को कोलंबसच्या संघाकडे गेला, सात सामने खेळला आणि आपल्याला हवा तसा खेळ होत नाही म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये, हंगाम चालू असतानाच त्याने निवृत्ती सांगितली.

१३ मार्च २०२२ ला सेंट पॉलमध्ये ९ नंबरची जर्सी छताला चढवली गेली. वाइल्डने कुणा खेळाडूचा नंबर निवृत्त करण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे तिथं तो नंबर आता दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. मॉन्ट्रियलचा ११ नंबर वापरात राहिला. ब्रेंडन गॅलघर तो वर्षानुवर्षं घालत आला आहे.