क्रीडा पदाधिकाऱ्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार: महिला फुटबॉलपटूंसाठी पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

20 ऑगस्ट 2023 रोजी सिडनीत स्पेनने इंग्लंडला 1-0 असे हरवून महिला विश्वचषक जिंकला. पदक समारंभात स्पॅनिश फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी स्पेनची खेळाडू जेनी एर्मोसो हिचे डोके दोन्ही हातांनी धरून तिच्या ओठांचे चुंबन घेतले. पुढे फिफाने त्यांना निलंबित केले, 10 सप्टेंबरला त्यांनी राजीनामा जाहीर केला, फिफाने तीन वर्षांची बंदी घातली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयाने त्यांना लैंगिक आक्रमणाबद्दल दोषी धरून 10,800 युरोंचा दंड केला. प्रकरण मिटवण्यासाठी एर्मोसोवर दबाव आणल्याच्या आरोपातून मात्र ते सुटले.

भारतातही प्रशिक्षक आणि पदाधिकाऱ्यांवर आरोप झालेले आहेत. 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यावरून सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपामुळे परत पाठवून बडतर्फ केले गेले. मार्च 2024 मध्ये गोव्यात दोन खेळाडूंनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या एका कार्यकारिणी सदस्याविरुद्ध मारहाणीची तक्रार दिली आणि त्याला अटक झाली. तरीही एखाद्या खेळाडूने विचारले, की 'मला तक्रार करायची आहे, अर्ज कुठे देऊ?', तर क्लबमध्ये सरळ उत्तर देणारे क्वचितच कुणी भेटते. ते उत्तर इथे देतो.

आधी हे ठरवा: आरोप कोणावर आहे?

बहुतेक माहितीपत्रके समितीच्या रचनेपासून सुरू होतात. खेळाडूच्या दृष्टीने पहिला प्रश्न वेगळा असतो, कारण आरोप कोणावर आहे यावरच अर्ज कुणाच्या टेबलावर जाणार हे ठरते.

यासाठीचा मुख्य कायदा म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, 2013, म्हणजेच पॉश कायदा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असायलाच हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते, निम्म्या तरी सदस्य महिला असतात आणि एक सदस्य संस्थेबाहेरची असते. आरोप प्रशिक्षक, फिजिओ, संघ व्यवस्थापक किंवा कार्यालयातल्या कर्मचाऱ्यावर असेल तर अर्ज या समितीकडे द्यायचा.

पण आरोप खुद्द संस्था चालवणाऱ्यावर असेल तर? अध्यक्षांनी नेमलेल्या समितीने अध्यक्षांचीच चौकशी करावी, ही अपेक्षा कायद्यानेही ठेवलेली नाही. तक्रार 'मालका'विरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मालक म्हणजे पगार देणारा एवढाच अर्थ नाही. कामाच्या ठिकाणाचे व्यवस्थापन, देखरेख आणि नियंत्रण ज्याच्या हाती आहे तो मालक, आणि धोरण ठरवणारे मंडळ किंवा समितीही व्यवस्थापनात मोजली जाते. त्यामुळे संघटनेचा अध्यक्ष, सचिव किंवा क्लबचा मालक यांच्याविरुद्धचा अर्ज थेट स्थानिक समितीकडे देणे शहाणपणाचे. एर्मोसोचे प्रकरण भारतात घडले असते तर अर्जावर हाच पत्ता लागला असता.

ज्या क्लबमध्ये दहापेक्षा कमी माणसे काम करतात, त्यांच्यासाठीही स्थानिक समितीच आहे. आपल्याकडचे बरेचसे महिला क्लब आणि अकादम्या याच गटात मोडतात, हे लक्षात ठेवा. स्थानिक समितीचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळतो. तालुका पातळीवर आणि शहरात प्रभाग पातळीवर नोडल अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्यांनी आलेली तक्रार सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची असते. या नेमणुका रखडल्या होत्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर 2024 मध्ये तारखा घालून द्याव्या लागल्या. तेव्हा 'आमच्याकडे असा अधिकारीच नाही' असे कुणी सांगितले तर तोंडी ऐकून परत फिरू नका, लेखी मागा.

केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. ती संबंधित समितीकडे जाते आणि तिची स्थिती नंतर पाहता येते.

पात्रता

'तुझा कुठे करार आहे? तू काय आमची नोकरदार आहेस?' हे वाक्य खेळाडूंना हमखास ऐकवले जाते. त्यात काही अर्थ नाही. कायद्यात पीडित महिला म्हणजे कोणत्याही वयाची, नोकरीत असलेली वा नसलेली महिला. प्रशिक्षणार्थी, स्वयंसेवक, मानधनावर किंवा बिनपगारी काम करणारी, सगळ्या त्यात येतात. म्हणजे चाचणीसाठी दोन दिवस आलेली मुलगीही तक्रार करू शकते आणि महिला पंच, फिजिओ किंवा संघासोबतची व्यवस्थापकही.

ठिकाणाचा वादही कायद्याने आधीच मिटवला आहे. क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेचे ठिकाण, निवासी असो वा नसो, हे सगळे 'कामाचे ठिकाण' आहे. कामानिमित्त गेलेली जागा आणि संस्थेने पुरवलेले वाहनही त्यात धरले जाते. म्हणून दौऱ्यावरचे हॉटेल, संघाची बस आणि पदकांचा मंच यांपैकी काहीही बाहेर राहत नाही.

छळात नकोसा स्पर्श येतो, तशी लैंगिक मागणी, शेरेबाजी, अश्लील चित्रे-व्हिडिओ दाखवणे आणि नकोसे हावभाव किंवा संदेशही येतात. संघात घेण्याचे आमिष आणि संघाबाहेर काढण्याची धमकी यांचा कायदा वेगळा उल्लेख करतो. फुटबॉलमध्ये हाच भाग कळीचा आहे, कारण पदाधिकाऱ्याच्या हातातली खरी ताकद म्हणजे निवड यादी.

'तिने नाही म्हटले नव्हते'

रुबियालेस यांचा बचाव संमतीचा होता. चुंबनानंतर बसमध्ये एर्मोसो हसताना दिसते, तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवला गेला. न्यायालयाने तिची साक्ष विश्वासार्ह मानली. विश्वचषक जिंकल्याच्या आनंदात ती नंतर सहकाऱ्यांबरोबर जल्लोष करत होती, म्हणून आधीच्या कृतीला संमती होती असे ठरत नाही.

आपल्याकडे पॉश कायद्याचा कस हाच आहे, की ते वर्तन तिला नकोसे होते का. तिने आरडाओरडा केला का, लगेच खोली सोडली का, दुसऱ्या दिवशी सरावाला आली का, हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. सरावाला ती येणारच, तिला खेळायचे आहे. जिथे एका बाजूला निवड समितीतला माणूस आणि दुसऱ्या बाजूला राखीव खेळाडू आहे, तिथे गप्प राहण्याला होकार समजणे मला तरी निव्वळ सोयीचे वाटते. फिजिओने दुखऱ्या स्नायूवर उपचार करताना केलेला स्पर्श अर्थातच वेगळा. उपचारासाठी तो गरजेचा होता का, त्या वेळी खोलीत आणखी कोण होते, हे समिती विचारू शकते.

मुदत

प्रसंग घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी अर्ज द्यायचा. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने मोजायचे. उशिराचे कारण पटले तर समिती ते नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. खेळाडू नेमक्या इथेच अडकतात: 'हंगाम संपू दे, मग बघू' असे म्हणता म्हणता मुदत टळते. पोलिसांतल्या तक्रारीला ही तीन महिन्यांची अट नाही.

अर्ज कसा लिहायचा

ठरावीक छापील नमुना नाही, शुल्क नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही. मराठीत लिहिला तरी चालतो. लिहिता येत नसेल तर समितीच्या सदस्यांनी मदत करणे बंधनकारक आहे. खेळाडूची स्थिती स्वतः अर्ज देण्याजोगी नसेल तर नातेवाईक, मैत्रीण किंवा सहकारीही नियमांप्रमाणे तो देऊ शकतात.

'सर माझ्याशी नीट वागत नाहीत, मला त्रास देतात' असा अर्ज समितीला पुढे नेता येत नाही. त्याऐवजी असे लिहा: 'अमुक तारखेला सायंकाळचा सराव संपल्यावर, साधारण साडेसहाच्या सुमारास, हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मला संघनिवडीबद्दल बोलायला बोलावले. दार आतून लावले. माझ्या कमरेवर हात ठेवून ते म्हणाले...' आणि पुढे जे शब्द उच्चारले गेले ते जसेच्या तसे. शिवी असेल तर शिवीच लिहा, सभ्य करू नका. तारीख नक्की आठवत नसेल तर 'उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी' असे लिहिले तरी चालते, सामन्याच्या वेळापत्रकावरून ती निघते. शेवटी कोणता तात्पुरता दिलासा हवा आहे तेही मागा.

कागदपत्रे

नियमांप्रमाणे अर्जाच्या सहा प्रती, सोबत पुराव्याची कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यायचे. पुराव्यात काय जोडायचे? ओळखपत्र, शिबिराला बोलावल्याचे पत्र किंवा मेसेज, संघयादी, प्रवासाचे तिकीट आणि हॉटेलातली खोलीवाटपाची यादी. ही शेवटची यादी लोक विसरतात, पण कोण कोणत्या मजल्यावर होते हे तिच्यावरूनच कळते. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट तारीख आणि नंबर दिसतील असे घ्या, पण मूळ संदेश पुसू नका आणि तो फोन विकू नका. त्या रात्री मैत्रिणीला किंवा आईला पाठवलेला मेसेजही पुरावा आहे. उपचार घेतले असतील तर केस पेपर जोडा.

पुरावा कमी आहे म्हणून अर्ज थांबवू नका. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. कारवाई होते ती जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीवर.

अर्ज हाती दिला तर तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. ईमेलने पाठवला तरी छापील प्रती नंतर द्या.

अर्ज दिल्यानंतर

समिती सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत समोरच्या व्यक्तीला पाठवते, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल आणि अहवाल मिळाल्यापासून 60 दिवसांत संस्थेने कारवाई. समितीपुढे दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. समझोता फक्त तक्रारदार महिलेने मागितला तरच होतो आणि तो पैसे घेऊन करता येत नाही. क्लबने 'मिटवून टाकूया' म्हणून बैठक बोलावली तर ती कायद्यातली प्रक्रिया नाही. समझोता झाला की पुढची चौकशी होत नाही, म्हणून सही करण्याआधी नीट विचार करा.

तात्पुरत्या दिलाशात बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा तिच्या कामाचे मूल्यमापन त्या व्यक्तीकडून काढून घेणे येते. फुटबॉलमध्ये याचा अर्थ, त्या माणसाला निवडीपासून आणि शिबिरापासून दूर ठेवा अशी मागणी करायची. स्वतःच घरी बसण्याचा पर्याय सहज स्वीकारू नका. स्पेनमध्ये त्या प्रकरणानंतरच्या पहिल्याच संघनिवडीत एर्मोसोला 'तिच्या संरक्षणासाठी' वगळले होते, तेव्हा संरक्षण कशापासून आणि कोणापासून, असे तिने जाहीरपणे विचारले.

दोष सिद्ध झाल्यास नुकसानभरपाई ठरवताना मानसिक त्रासाबरोबर करिअरची हुकलेली संधीही मोजली जाते. बुडालेली स्पर्धा, गेलेला करार यांचे कागद म्हणून जपा. तक्रारदाराची ओळख आणि चौकशीचा तपशील प्रसिद्ध करता येत नाही. चौकशी हाताळणाऱ्यानेच तो फोडला तर त्याच्याकडून 5,000 रुपये वसूल होऊ शकतात. रक्कम हास्यास्पद आहे, पण तरतूद आहे. समितीच न नेमणाऱ्या संस्थेला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

पोलीस, आणि खेळाडू 18 वर्षांखालील असेल तर

समितीकडे अर्ज दिला तरी पोलिसांत जाता येते. गुन्हा 1 जुलै 2024 पासूनचा असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमे 74 (विनयभंग) आणि 75 (लैंगिक छळ) बहुधा लागतात. घटना दौऱ्यावर दुसऱ्या शहरात घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतला जाणारा गुन्हा, नोंदवता येतो. संस्थेकडे मागितल्यास तिने गुन्हा नोंदवायला मदत करायची असते. नुसती मारहाण असेल, लैंगिक अंग नसेल, तर पॉश समितीचा रस्ता नाही. तिथे पोलीस आणि संघटनेची शिस्तपालन समिती.

खेळाडू अल्पवयीन असेल तर पोक्सो कायदा, 2012, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदा, लागू होतो. तिथे संमतीचा प्रश्नच उरत नाही. ज्याला प्रकार कळला त्या प्रत्येकाने, मग तो प्रशिक्षक असो, वसतिगृहाची अधीक्षक असो वा क्लबचा सचिव, पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. न कळवणे हाच गुन्हा. 'आधी आपण आतल्या आत चौकशी करू' म्हणणारा स्वतःच अडकतो. मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक आहेत.

फिफाच्या आचारसंहितेखालीही पदाधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते, तिच्यासाठी गोपनीय ऑनलाइन पोर्टल आहे. फिफा बंदी घालू शकते, पण नुकसानभरपाई आणि शिक्षेसाठी देशातला अर्ज लागतोच. समितीचा निर्णय मान्य नसेल, किंवा संस्थेने शिफारशी अमलातच आणल्या नाहीत, तर 90 दिवसांत अपील करता येते. त्यासाठी अहवालाची प्रत मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.