इन-स्टेट ट्युशन आणि हायस्कूलची अट

अमेरिकेत सरकारी युनिव्हर्सिटीत फीचे दोन रेट असतात, राज्यातल्या पोरांना इन-स्टेट आणि बाकीच्यांना आउट-ऑफ-स्टेट, जो ऐकूनच घाम फुटतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २०२४-२५ ला बाहेरच्यांना नेहमीच्या फीवर वर्षाला ३४,२०० डॉलर एक्स्ट्रा भरावे लागत होते. आता जो मुलगा लहानपणी आईबापांबरोबर कागदपत्रांशिवाय आला त्याला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालामुळे शाळा नाकारता येत नाही, पण तोच पोरगा हायस्कूल संपवून कॉलेजच्या दारात गेला की एकदम बाहेरचा! यावर २००१ मध्ये टेक्सासने सगळ्यात आधी अशा पोरांना इन-स्टेट फी देणारा कायदा केला, एचबी १४०३, आणि सही कुणाची तर रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांची (आज कुणाला खरं वाटणार नाही). त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा तसाच कायदा, एबी ५४०, आला, मग न्यूयॉर्क, युटा वगैरे.

खरी गंमत एबी ५४० च्या शब्दरचनेत आहे. १९९६ चा केंद्राचा कायदा म्हणतो की बेकायदा राहणाऱ्याला रहिवासाच्या आधारावर अशी सवलत द्यायची तर ती कुठल्याही राज्यात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकालाही मिळाली पाहिजे. म्हणून कॅलिफोर्नियाने रहिवासाचं नावच काढलं नाही, अट ठेवली शाळेची: राज्यात तीन वर्षं हायस्कूल, तिथूनच पास, आणि कागद नसतील तर कायदेशीर होता येईल तेव्हा अर्ज करीन असं प्रतिज्ञापत्र. त्यामुळे तिथे शिकून नंतर घरच्यांसोबत नेवाडाला गेलेल्या नागरिक मुलीलाही तोच रेट लागतो. २०१० मध्ये या कायद्याला आव्हान देणाऱ्या मार्टिनेझ केसमध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच धरून कायदा टिकवला. २०१७ मध्ये नियम अजून सैल केले, कम्युनिटी कॉलेजची वर्षंही धरायला लागले.

आपल्या मराठी मंडळींना यातला एक काटा चांगलाच टोचतो. आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलं त्यांच्यावर अवलंबून म्हणून एच-४ व्हिसावर, ग्रीन कार्डची लाइन काही सरकत नाही, २१ पूर्ण झाली की मुलांचं एच-४ संपतं आणि बरेच जण एफ-१ स्टुडंट व्हिसावर जातात. एबी ५४० मधून असे तात्पुरत्या व्हिसावाले मुळातच वगळलेत, म्हणजे पहिलीपासून तिथे शिकलेला पोरगा, सगळे कागद चोख, तरी फी बाहेरच्याची. कागद नसलेल्या पोरांचा यात काही दोष नाही, पण कायदा लिहिताना या मुलांचा विचारच कुणी केला नाही असं वाटतं.

२०२५ मध्ये मात्र सगळं उलटं फिरलं. फ्लोरिडाने आपला असाच २०१४ चा कायदा जुलैपासून रद्द केला. टेक्सासमध्ये ४ जूनला केंद्राच्या न्याय खात्याने केस टाकली, राज्य सरकारने लढायच्या ऐवजी मान्यच करून टाकलं आणि त्याच दिवशी कोर्टाने कायद्याला कायमची मनाई केली, २४ वर्षांचा कायदा एका दिवसात गेला. नंतर कॉलेजांना सांगण्यात आलं की अशी मुलं हुडका आणि फॉल सेमिस्टरपासून त्यांना आउट-ऑफ-स्टेट फी लावा, मग कुणाची डिग्री अर्धी झालेली असली तरी.